सगळ्यांचा एकच पासवर्ड

३ मे

आले एकदाची केटल बे गावाला! होबार्टहून निघताना डोंगरावर धुकं होतं. नदी ओलांडली तसं ऊन पडलं आणि शेवटच्या वळणावर अख्खी खाडी निळीशार समोर आली. गाडी कडेला घेऊन नुसती बघत बसले. बँकेच्या तळमजल्यावर ट्यूबलाइटखाली वर्षं काढलेल्या बाईला एवढं आकाश म्हणजे चैनच.

घर जेट्टीच्या वरच्या अंगाला आहे, लाकडी, दोन खोल्यांचं. ऑफिसातल्या ग्वेनिथनं ते मला भाड्यानं मिळवून दिलं आणि टेबलावर पाव आणि मधाची बाटली ठेवून गेली. साठीची बाई. येणाऱ्याजाणाऱ्याला बाळा म्हणते, मलाही म्हणाली.

दुपारी मालक बर्नी हार्टनॉलनं स्वतः सगळं फिरून दाखवलं. सॅमनची पिल्लं वाढवायच्या टाक्या, खाडीतले पिंजरे, मासे धुरवायची भट्टी. सत्तरीचा तांबडाबुंद गडी, हात दोरखंडासारखे. पलीकडच्या खाडीतल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरात कुणीतरी घुसून तिला महिनाभर आडवी पाडली, तेव्हापासून विमा कंपनीवाले याच्या पाठी लागलेत. म्हणून मी, कॉम्प्युटरला कुलपं घालायला. म्हणाला, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, टेगन. तू फक्त त्यांचं तोंड बंद कर."

अख्ख्या कंपनीचा पासवर्ड एकच: सॅमन१२३. पिवळ्या कागदावर लिहून चहाच्या किटलीवर भिंतीला चिकटवलेला. नवा माणूस आला की आधी चहा करतोच, म्हणून तिथे, असं ग्वेनिथनं समजावलं. मला हसू आवरेना. इथे काम म्हणजे नुसता कचरा काढायचा आहे. मजा येणार.

वास आहे थोडा. सवय होईल म्हणतात.

६ मे

कचरा काढायचा म्हटलं होतं, ते अक्षरशः खरं झालं. टाक्यांच्या खोलीतला कीबोर्ड उलटा करून आपटला, तर खवले, पावाचा चुरा, वाळलेलं सॉस, कुणाची तरी कुरतडलेली नखं, आणि त्या सगळ्यातून सरसर पळालेली एक जिवंत कसर. कळांवर तेलकट, पिवळट थर, नखानं खरवडला तर गोळी होत होती. हात तीनदा धुतले तरी बोटांना वास होताच.

आत त्याहून घाण. नोकरी सोडून गेलेल्या माणसांची खाती तशीच उघडी. कशाचीही दुसरी प्रत ठेवलेली नाही. ज्या कॉम्प्युटरवर टाक्यांचे पंप, ऑक्सिजन, पंखे, दारांची शटरं, सगळं चालतं, तो रोज सकाळी 'मला अद्ययावत करा' म्हणून गयावया करतो आणि बर्नी डास मारावा तशी ती खिडकी मारतो. शिवाय पंप दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला मेलबर्नहून घरबसल्या आत डोकावता यावं म्हणून बाहेरचं दार सताड उघडं ठेवलंय. त्या दाराचा पासवर्ड? सांगायला नकोच.

माझं हे चाललेलं नेरिडा दारात टेकून बघत होती. टाक्यांवर काम करते, दंडावर शार्कचं गोंदण, हसली की पत्रे थरथरतात. म्हणाली, "ए पासवर्डबाई, मासे चोरायला आता कुणी तारेतनं येणार का गं?"

मी म्हटलं, चोरायला नाही आला तर? तर ती म्हणाली, मग चहा पाजू त्याला, पासवर्ड किटलीवर आहेच.

११ मे

जेवणाच्या खोलीत सगळ्यांना गोळा करून पहिला तास घेतला. प्रत्येकाचं वेगळं खातं, वेगळा लांबलचक पासवर्ड, आत येताना फोनवर येणारा आकडाही टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: निरोप कुणाचाही असो, मालकाचा असो की सख्ख्या आईचा, त्यात काही विचित्र करायला सांगितलं असेल तर आधी फोन करून आवाज ऐकायचा.

परीक्षा म्हणून काल मीच एक खोटी ईमेल पाठवली होती, फुकट पायचं कुपन. झाडून सगळ्यांनी त्यावर क्लिक केलं. बर्नीनं तर दोनदा, पहिल्यांदा कुपन आलं नाही म्हणून.

सगळ्यात जास्त विली हसला. नाव विलिआमी, टोंगाचा, ऐसपैस माणूस, काम करताना चर्चमधली गाणी म्हणतो. म्हणाला, "टेगन, तू आमच्या पोटावर नेम धरलास, हे काही बरं नाही." मग मात्र सगळ्यांत आधी त्यानंच पासवर्ड बदलला.

पिवळा कागद मी फाडला. टाळ्या पडल्या. टाक्यांच्या कॉम्प्युटरला मात्र बर्नी हात लावू देईना. चालत्या गाडीचं चाक काढतात का, म्हणाला. त्याचा पासवर्ड तोच, बाहेरचं दारही तसंच.

१६ मे

आज विलीची शेड पाहिली. पाहायला नको होती.

रोज टाक्यांतून आणि पिंजऱ्यांतून मेलेले मासे काढतात ते इथे येतात. डोळे पांढरे, कल्ले सुटलेले, काहींच्या अंगावर उवा अजून वळवळत असतात. ते सगळं दळून ॲसिडमध्ये मुरवतात आणि एका मोठ्या टाकीत साठवतात. पुढे त्याचं खत होतं. लोक शेडला 'स्वयंपाकघर' म्हणतात. विलीनं झाकण उचललं. करडा-गुलाबी लगदा, वर साय धरलेली, आणि त्या सायीतून सावकाश वर येणारे बुडबुडे. एकेक बुडबुडा ओठ विलग व्हावेत तसा फुटत होता. कुजक्या अंड्याचा वास थेट घशात उतरला. मी बाहेर धावले.

विली मात्र कपाळाला आठ्या घालून उभा. एरवी लोणच्यासारखा आंबूस वास येतो म्हणाला, मुरल्याचा. हा सडल्याचा आहे. बर्नीला दोनदा सांगितलं, तो म्हणतो मेलेल्या माशांना काय गुलाबाचा वास यायचाय?

घरी येऊन आंघोळ केली. केसांत वास तसाच. पाव खाववेना.

२० मे

शेडमध्ये ॲसिड किती पडायचं ते टाक्यांचा कॉम्प्युटर ठरवतो. आज त्याची जुनी नोंद काढली. महिनोन् महिने ॲसिड थोडं थोडं कमी होत आलंय. यंत्र बिघडलेलं नाही. कुणीतरी ते रोज कमी करतंय, आपल्या हातानं, ऑफिसातल्या ग्वेनिथच्या कॉम्प्युटरवरून.

मी ग्वेनिथकडे गेले. ती जेवत होती. तिच्याशी बोलता बोलता तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात सँडविचवर होते आणि पडद्यावर बाण फिरत होता. अगदी संथपणे. आकड्यावर गेला, आकडा बदलला, आणि मग कोपऱ्यात जाऊन गप्प बसला, लपलेल्या झुरळासारखा.

ग्वेनिथनंही पाहिलं. तिनं घास तोंडातून परत हातात काढला.

तिचं नवं खातं, नवा पासवर्ड काही उपयोगाचं नव्हतं. जो कुणी घुसलाय तो मी यायच्या कितीतरी आधीपासून आत आहे. मेकॅनिकच्या दारातून आला असणार. आतून सगळ्या खोल्यांत हिंडतो.

बर्नीला सांगितलं, आत्ता ते दार बंद कर, तार काढ. तो म्हणाला, जपानची गिऱ्हाइकं पुढच्या आठवड्यात येतायत, पंप अडले तर मेकॅनिकला आत कसं येता येईल? ते लोक गेले की काढू. आणि बाहेर अवाक्षर नको.

२४ मे

ग्वेनिथचा कॉम्प्युटर उघडून त्यानं आत काय ठेवलंय ते शोधत होते. सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

फोटो. हजारो. जेवणाच्या खोलीतला कॅमेरा, टाक्यांवरचे कॅमेरे, लोकांच्या लॅपटॉपवरचे डोळे, सगळ्यांतून काढलेले. आणि ते नावानं वेगळे करून ठेवलेत, मासे वजनावारी लावतात तसे. ग्वेनिथ रडताना. नेरिडा दात कोरताना. विली तोंडात घास असताना, ओठांवर अंड्याचा बलक. प्रत्येकाखाली टिपणं. कोण कुणाला काय म्हणून हाक मारतं. कोण कुठला शब्द चुकीचा लिहितं. कोण फोन पटकन उचलतं, कोण उचलत नाही.

माझ्याही नावाचं आहे. पहिल्याच दिवशी चहा करताना पिवळ्या कागदाकडे बघून हसतेय तो फोटो. मग बाकीचे सगळे मी खातानाचे. जबडा उघडा, जीभ, दाढा, इतक्या जवळून. त्याखाली एकच ओळ: ही लोकांना फोन करायला शिकवते.

सिंकमध्ये ओकले. त्या सिंकवरही कॅमेरा आहे हे ओकता ओकता आठवलं.

बर्नीला आणून दाखवलं. त्यानं आधी विचारलं, माझं आहे का? होतं. ते पुसून टाक म्हणाला. मग म्हणाला, गिऱ्हाइकांना हे कळणार नाही ना? विलीचं, ग्वेनिथचं त्यानं विचारलंही नाही. त्याच्या मिशीत सॉस लागलं होतं. मला त्याच्याकडे बघवेना.

होबार्टच्या पोलिसांना मी कळवलं, त्याला न विचारता. काही पुसू नका, तार काढून ठेवा, आठवडाभरात माणसं पाठवतो म्हणाले. मी तार काढली.

२५ मे

तार पुन्हा लावलेली. बर्नीनं. पंपांचं कारण.

मी काढली. दुपारी पुन्हा लावलेली.

शेडजवळून जाताना नाक धरावं लागतं. सगळे म्हणतात वास असतोच. यांना काही म्हणजे काहीच किळस वाटत नाही का? गोचीड कानात शिरून फुगली तरी गाय चरतच राहते, तसं चाललंय.

२७ मे

सकाळी ग्वेनिथनं माझ्याकडे बघितलं नाही. दुपारी कळलं. काल तिला माझ्या नावानं ईमेल गेली. तिच्या मेलेल्या मुलाबद्दल. काय लिहिलं होतं ते इथे उतरवणार नाही. पण मी वाचलं, आणि वाक्यं माझी आहेत. मी जशी बोलते तशी. माझ्या त्याच सवयी, त्याच खोचक शेपट्या.

तिला सांगितलं मी नाही. ती म्हणाली, "ठाऊक आहे गं बाळा. पण आवाज तुझाच ऐकू आला." आणि उठून गेली.

नेरिडाला विलीच्या नावानं घाणेरडा निरोप. विलीला तिच्या नावानं त्याहून घाणेरडा. दोघं जेट्टीवर एकमेकांच्या अंगावर धावून गेले, लोकांनी सोडवलं. नंतर दोघांनी फोन शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कळलं. विली बराच वेळ नुसता ओठ पुसत होता, काही लागलंय असं वाटून.

पैसे मागितले असते तर समजलं असतं. हा काहीच मागत नाही. चाखून बघतोय.

२९ मे

विली

सकाळी. त्याला बर्नीच्या नंबरवरून निरोप गेला, शेडमधलं दळणयंत्र अडकलंय, गिऱ्हाइकं तिकडे यायच्या आत मोकळं कर. त्यानं बर्नीला फोन केला. मी शिकवलं होतं तसंच केलं. बर्नी जपान्यांबरोबर होता, त्यानं उचलला नाही.

विली आत गेला. पॅनेलवर शेडची हवा बाहेर खेचणारा पंखा हिरवा. चालू. प्रत्यक्षात बंद होता. ॲसिड नाही, पंखा नाही. नुसता सडण्याचा विषारी वायू भरलेला.

नेरिडानं त्याला पाहिलं आणि श्वास रोखून, कॉलरला आकडा अडकवून ओढत बाहेर काढलं. त्याचा चेहरा लगद्याला टेकलेला होता. तोंडात, नाकात ते. तिनं बोटांनी काढलं, आणि मग त्याच तोंडाला तोंड लावून श्वास दिला. मी बघत होते. मला शिसारी आली. त्या क्षणीही मला शिसारीच आली, त्याची मला लाज वाटते.

हेलिकॉप्टर आलं.

संध्याकाळी होबार्टहून फोन. विली गेला.

बर्नी म्हणाला, मास्क घातला नव्हता त्यानं. सगळ्यांनी हेच सांगायचं. गिऱ्हाइकांना धुरवलेला सॅमन खाऊ घालत होता, खिडकीतून दिसत होतं.

३० मे

तार कापली. मासे चिरायच्या सुरीनं, तीन ठिकाणी. बर्नी ओरडला, सामान आवर म्हणाला. आवरते, पोलीस आले की.

सरकारी तपासनीस येऊन गेले. शेडला पट्टी लावली, तिथले मास्क तपासायला घेऊन गेले. बाकीचं उद्या. मासे जगवायला दोन माणसं सोडून सगळ्यांना घरी पाठवलं.

तार कापली आणि तरी जेवणाच्या खोलीतला कॅमेरा वळला. माझ्याकडे. मी चालले तसा चालला.

मेकॅनिकला मेलबर्नला फोन केला, आवाज ऐकला, मग विचारलं. तो चाचरला. बर्नीच्या सांगण्यावरून त्यानं एक दुसरी लाइन टाकली होती, मोबाइलवर चालणारी, पहिली बंद पडली तर म्हणून. कुठे? शेडमध्ये. ॲसिडच्या टाकीमागे.

म्हणजे तो अजून तिथेच आहे. त्या लगद्याच्या शेजारी.

नेरिडाला जेट्टीच्या टोकाला नेलं, फोन गाडीत ठेवून. वारा असा की आम्हालाच आमचं ऐकू येईना. ठरवलं, यापुढे एकमेकींना काहीही कळवलं तर त्यात एक शब्द घालायचा. शब्द तिनं सुचवला. कागदावरही लिहीत नाही. ती म्हणाली, विलीचं जाकीट आणि पोरांचा फोटो शेडमध्ये खुंटीवर आहे, त्याच्या बायकोला द्यायला हवा. मी म्हटलं खबरदार. शेडकडे फिरकू नकोस. ती शेडकडेच बघत होती.

३१ मे, दुपार

ऑफिसात एकटी. होबार्टची माणसं वाटेत आहेत. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलाय. ऑफिसातले कॉम्प्युटर सगळे बंद. तरी पाठीवर काहीतरी बुळबुळीत बसल्यासारखं वाटतंय, सारखी झटकतेय.

बर्नी आला नाही. ग्वेनिथही नाही.

—

निरोप आला. नेरिडाच्या नंबरवरून.

'जाकीट घ्यायला आत आले गाढवासारखी दार लागलं पासवर्डबाई पंखा बंद आहे'

शब्द नाही त्यात.

फोन केला. वाजतोय. उचलत नाही. ती कधीच पटकन उचलत नाही. हे त्यालाही माहीत आहे —

पुन्हा केला. नाही.

ॲम्ब्युलन्सला केला. माणूस बोलला, खरा माणूस. निघाले म्हणाला. पण डोंगरापलीकडून यायचंय.

तिच्या घरी कुणी उचलत नाही. गाडी ती शेडच्या मागे लावते, इथून दिसत नाही. टाक्यांवरच्या दोघांना हाका मारल्या. पंपांच्या आवाजात —

त्याचंच आहे हे. नक्की त्याचंच. शब्द नाही ना.

पण जीव घुसमटताना शब्द कुणाला आठवतो? गाढवासारखी. असंच बोलते ती. असंच. आणि त्यानंही तेच टिपून ठेवलं होतं —

मास्क नाही. तपासनीस घेऊन गेलेत. ओला टॉवेल काय कामाचा.

हे वहीत लिहितेय, कारण फोनमधलं तो बदलेल. कागदात त्याला हात घालता येत नाही.

फोन वाजतोय. नेरिडा.

उचलला. बोलत नाही कुणी. नुसता श्वास. ओला, चिकट, तुटत तुटत. तिचा? कुणाचाही असू शकतो. माझा रेकॉर्ड केलेलासुद्धा

नाही, जातेच. बाहेरून शेडचं शटर उचलतं का बघते, आत नाही जाणार. नाहीच उचललं तर

कुणी आलात तर शेडचं शटर आणि मागचं दार आधी उघडा, आत शिरू नका. आणि यानंतर माझ्या नावानं कुठलाही निरोप आला, अगदी माझ्यासारखा वाटला तरी —